सहा सुतांचा फरक

मोटारीचे दुखणे नेहमी पुढच्या बाजूला शोधायचे, अशी आपली एक समजूत झालेली आहे. चालवणारा पुढे बसतो, एंजिन पुढे असते, स्टिअरिंग हातात असते; त्यामुळे गाडीने जरा कुरकुर केली की आपण बॉनेट उघडून आत डोकावतो, आणि ज्यांना त्यातले काही कळत नाही ते अधिकच गंभीर चेहऱ्याने डोकावतात. मागच्या चाकांची आठवण होते ती पंक्चर झाल्यावर. जुन्या धाटणीच्या गाड्यांत गाडी ढकलायचे काम ती करतात, डिकीतल्या सामानाचे आणि मागच्या बाकावरच्या मंडळींचे ओझे ती वाहतात. पण काही बिनसले की दोष मात्र पुढच्या चाकांच्या नावावर लिहिला जातो.

आमच्या पलूसच्या घरातल्या अ‍ॅम्बॅसडरच्या बाबतीत दीड वर्ष हेच चालले होते.

ही गाडी १९७० सालची, मार्क टू. वडील पलूसला डॉक्टर होते. त्या काळी मोटारीसाठी नाव नोंदवायचे आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची, असा रिवाज होता. गाडी एकदाची आली आणि कुंडल, बुर्ली, आमणापूर, दुधोंडी या सगळ्या गावांना ‘डॉक्टरांची गाडी’ म्हणून ठाऊक झाली. वडील गेले, दवाखाना बंद झाला, थोरल्या बंधूंनी (आम्ही त्यांना आप्पा म्हणतो) शेतीसाठी नवी गाडी घेतली. पण अ‍ॅम्बॅसडर अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली राहिली. तिला ठेवण्यामागे आठवणींचा भाग होता हे खरे; पण खरे कारण आईचे गुडघे.

आईचे वय शहाऐंशी. दर पौर्णिमेला भिलवडीवरून कृष्णेचा पूल ओलांडून औदुंबरला दत्ताच्या दर्शनाला जायचे, हा तिचा नेम. आजकालच्या मोटारी बुटक्या. त्यांत शिरताना माणसाला आधी डोके, मग कंबर, मग पाय अशी हप्त्याहप्त्याने स्वतःची घडी घालावी लागते. आईला ते जमत नाही. अ‍ॅम्बॅसडरचे दार ऐसपैस उघडते, बाक खुर्चीइतका उंच. पदर सावरून ती खुर्चीत टेकावे तशी टेकते आणि पाय आत घेते. दुसऱ्या कुठल्याही गाडीतून तिला न्यायचे तर दोन माणसांनी धरावे लागते, आणि ‘मला पोत्यासारखे नेऊ नका’ असे तिने एकदा सांगून टाकले आहे. तेव्हा गाडी गेली की औदुंबर गेले, इतका सरळ हिशेब होता.

आणि गाडी जाण्याची वेळ येऊन ठेपली होती. ती तिरकी चालू लागली होती. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सारखे डावीकडे ओढून धरावे लागे. हात जरा सैल केला की गाडी उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या अंगावर जाई. मागून पाहिले तर तिचे शेपूट डावीकडे निघालेले दिसे. बुद्धिबळातल्या उंटाने तिरके चालावे. मोटारीने चालू नये. गेल्या गळिताच्या हंगामात तासगाव रस्त्याला उसाच्या दोन ट्रेलर जोडलेला ट्रॅक्टर समोरून आला, आप्पांनी ब्रेक दाबला आणि गाडी उजवीकडे अशी काही वळली की ट्रेलरमधून बाहेर आलेली उसाची वाढी काचेवर सपकन बसली. आई मागे जप करीत होती; तिला वाटले, कुणी फांदी तोडतोय. आप्पांनी मात्र घरी येऊन किल्ली खुंटीला लावली ती लावलीच. पुढे कित्येक पौर्णिमा आईने घरातल्या देव्हाऱ्यापुढे बसून काढल्या. ती एका शब्दाने बोलली नाही, हेच सर्वांना अधिक लागले.

याआधी उपाय झाले नव्हते असे नाही. जवळच्या शहरातल्या एका चकचकीत दुकानात गाडी दोनदा नेली होती. तिथे पुढच्या चाकांना आरसे लावून यंत्राने अलाइनमेंट केली, हिरव्या आकड्यांचा छापील कागद दिला, पैसे घेतले. गाडी चार दिवस बरी वाटे आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. यंत्र खोटे बोलत होते असे मी म्हणणार नाही. त्याला विचारले होते ते एवढेच, की पुढची दोन चाके एकमेकांशी कशी आहेत. त्याचे उत्तर त्याने चोख दिले. मागे काय चालले आहे हे कुणी विचारलेच नव्हते.

नोंदणीचे दर पाच वर्षांनी येणारे नूतनीकरण तोंडावर आले होते. तिरक्या गाडीला तपासणीत कोण पास करणार? भंगारवाला येऊन वजनाच्या हिशेबाने किंमत सांगून गेला. माझा पुतण्या पुण्याला इंजिनिअर आहे, तो म्हणाला, “काका, उत्तरपाड्याच्या कारखान्यात ही गाडी बनायची थांबली त्याला कितीतरी वर्षे झाली, २०१४ साली. तुम्ही किती दिवस रेटणार?” त्याचे म्हणणे गैर नव्हते. वहिनी तेवढ्या हळूच म्हणाल्या, “भाऊजी, दिवाळीला आठ दिवस आलाच आहात, तर एकदा मिस्त्रींना दाखवून बघा की.”

मिस्त्री म्हणजे तासगाव रस्त्याला ट्रकचे पाटे बसवणारे गृहस्थ. ट्रक, जीप, ट्रॅक्टरचे ट्रेलर यांचेच काम त्यांच्याकडे. सत्तरीचे असावेत. त्यांनी बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. नळाखाली बादलीभर पाणी रस्त्यावर ओतले, गाडी त्यातून सरळ पुढे न्यायला सांगितली आणि स्वतः उकिडवे बसून कोरड्या डांबरावर उमटलेले ओले ठसे पाहू लागले. मागची चाके पुढच्यांच्या ठशांवरून जवळजवळ जायला हवीत. आमच्या गाडीने दोनाऐवजी चार ओळी काढल्या होत्या.

“फुडं काय बघताय साहेब?” मिस्त्री म्हणाले. “फुडची चाकं बिचारी मागच्याचं निस्तराय लागल्यात.”

आता मागचे म्हणजे काय, हे थोडे सांगितले पाहिजे. अ‍ॅम्बॅसडर ही मूळची विलायतेतल्या मॉरिस ऑक्सफर्डची धाकटी बहीण. १९५७-५८ च्या सुमारास आपल्याकडे बनू लागली. तिचा मागचा आडवा अ‍ॅक्सल दोन पाट्यांवर बसवलेला असतो. पाटा म्हणजे पोलादी पट्ट्यांची एकावर एक रचलेली चळत, धनुष्यासारखी वाकवलेली. सर्वांत लांब तो मेन पाटा; त्याच्या दोन्ही टोकांना कडी वळवलेली असते. पुढची कडी रबराच्या बुशासकट बोल्टने बॉडीला पक्की अडकवतात. मागची कडी मात्र पक्की करून चालत नाही. कारण खड्ड्यात पाटा दबला की सपाट होतो, आणि सपाट झाला की लांबतो. त्या लांबण्याला वाव मिळावा म्हणून मागचे टोक शॅकलवर टांगतात, आपल्या झोपाळ्याच्या कडीसारखे. ही युक्ती फार जुनी. इंग्लंडमधल्या ओबादाया इलियट नावाच्या माणसाने १८०४ साली घोडागाडीसाठी अशा कमानदार पाट्यांचे पेटंट घेतले होते; आणि आपल्यापैकी जे लहानपणी मिरजेच्या स्टेशनावर टांग्यात बसले असतील, त्यांनी त्याच पाट्यांवर झोके खाल्ले आहेत.

परंतु मोटारीत या पाट्यांवर आणखी एक जबाबदारी असते, आणि तीच आपल्या ध्यानात येत नाही. त्यांनी नुसते गचके सोसायचे नसतात; अ‍ॅक्सलला जागेवर धरूनही ठेवायचे असते. अ‍ॅक्सल पुढे जाऊ नये, मागे जाऊ नये, तिरका होऊ नये, यासाठी तिथे दुसरे काहीही नाही. पाट्याच्या मधोमध सगळ्या पट्ट्यांतून एक सेंटर बोल्ट जातो. त्याचे डोके अ‍ॅक्सलवरच्या बैठकीतल्या भोकात बरोबर बसते, आणि मग दोन यू-बोल्ट अ‍ॅक्सल आणि पाटा यांना करकचून आवळतात. खरी पकड यू-बोल्टांची. सेंटर बोल्ट फक्त जागा दाखवणारा. यू-बोल्ट सैल पडले की सगळा जोर त्या बोटाएवढ्या बोल्टावर येतो, आणि एखाद्या दिवशी तो तुटतो. वरून काही दिसत नाही, आवाजही होत नाही. अ‍ॅक्सलचे ते टोक मात्र सुटते आणि ब्रेकगणिक मागे सरकत जाते.

मिस्त्रींचा तर्क हाच होता. पण तर्काच्या आड एक शंका उभी होती, आणि ती त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितली. अ‍ॅम्बॅसडरला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. खालची चौकट आणि वरची बॉडी एकजीव. जर ती चौकटच कुठल्या जुन्या धक्क्याने वाकली असेल, तर पाटे काढून घालून उपयोग नाही. “मग भंगारवाल्याला मीच फोन लावतो,” ते म्हणाले. आप्पांनी माझ्याकडे पाहिले. आई ओट्यावर बसून वाती वळीत होती. तिने मान वर केली नाही, पण वाती वळायची थांबली.

मोजमाप आमच्याच अंगणात झाले, कारण मिस्त्रींच्या जागेतली जमीन उंचसखल आणि आमची शहाबादी फरशी सपाट. शेजारी बांधकाम चालू होते. तिथल्या गवंड्याकडून दोन ओळंबे आणले. पुढची चाके सरळ केली. चारही चाकांच्या मध्यावर ओळंबा धरायचा, तो स्थिर झाला की खाली फरशीवर खडूची फुली. मग मिस्त्री आणि पुतण्या गाडीखाली गेले आणि बॉडीवरच्या चार जागांवरून, म्हणजे पाट्यांच्या पुढच्या दोन बोल्टांवरून आणि मागे शॅकल जिथे टांगलेल्या असतात तिथून, तसेच ओळंबे सोडले. मग गाडी ढकलून बाजूला केली. फरशीवर आठ फुल्या राहिल्या. गाडीची कुंडलीच जणू जमिनीवर उतरली.

आधी बॉडी. घराचा पाया आखताना गवंडी दोन्ही कर्ण मोजतो. सारखे आले तर पाया गुण्यात आहे. इथेही तेच. पुढच्या डाव्या फुलीपासून मागच्या उजवीपर्यंत टेप धरला. मग पुढच्या उजवीपासून मागच्या डावीपर्यंत. मिस्त्रींनी दोनदा मोजले, पुतण्याला पुन्हा मोजायला लावले. फरक एका सुताच्या आत. “बॉडी गुण्यात हाय,” मिस्त्री म्हणाले आणि ओट्याकडे वळून मोठ्याने म्हणाले, “आईसाहेब, गुण्यात हाय!” आईने पुढची वात घेतली.

मग चाके. पुस्तकात या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर ९७ इंच दिलेले आहे. उजवीकडे टेप लावला, बरोबर ९७. डावीकडे लावला, ९७ आणि वर सहा सूत. आठ सुतांचा एक इंच, म्हणजे पाऊण इंच डावे चाक मागे. पाऊण इंच ते काय, असे मला वाटले. पण पुतण्याने तिथेच फरशीवर हिशेब मांडला. दोन मागच्या चाकांमधली रुंदी साडेचार फुटांच्या आसपास. एवढ्यात पाऊण इंचाचा तिरपेपणा, म्हणजे मागच्या चाकांना मोकळे सोडले तर शंभर फुटांत ती जवळजवळ दीड फूट डावीकडे जाऊ पाहणार. मागचा भाग डावीकडे निघाला की तोंड उजवीकडे वळते, आणि ते सरळ ठेवायला स्टिअरिंग डावीकडे धरावे लागते. आमच्या गाडीची सगळी लक्षणे त्या सहा सुतांत बसली. आतापर्यंत ‘किती दिवस रेटणार’ म्हणणारा हा मुलगा आता गुडघ्यावर बसून खडूने बाण काढू लागला होता.

डावीच बाजू का? याचे उत्तर आमच्या भागातल्या रस्त्यांवर आहे. रस्ते अरुंद, समोरून उसाचा ट्रॅक्टर आला की लहान गाडीने डावी चाके साइडपट्टीवर उतरवायची आणि तो गेला की पुन्हा डांबरावर चढवायची. हंगामभर हे चालते. प्रत्येक उतरण्या-चढण्याचा धक्का डाव्या पाट्याला. तो बसतो, त्याचे यू-बोल्ट सैलावतात, आणि पुढचे सगळे वर सांगितलेच आहे.

मिस्त्रींना हे शास्त्र कुणी शिकवले, असे मी विचारले. त्यांचे वडील किर्लोस्करवाडीला फिटर होते. वाडी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंधच्या संस्थानात, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाच्या माळावर तिथला कारखाना उभारला, हे वाचकांना सांगायला नकोच. ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ यांचे अंक त्याच वाडीतून घरोघर जात होते. लोखंडी नांगराने जमीन नासते अशी शंका शेतकऱ्यांना होती, आणि ती फिटेपर्यंत लक्ष्मणरावांना पुष्कळ कळ काढावी लागली. मिस्त्रींच्या वडिलांनी त्यांना नांगराचीच गोष्ट सांगितली होती. “नांगर तिरका चालाय लागला की नवखा गडी रुमण्यावर रेटतो. दिसभर रेटतो, संध्याकाळी हात भरून येत्यात, तास तिरकाच. रुमण्यावर जोर देऊन नांगर सरळ होत न्हाई. त्यो कुठनं वढलाय ते बघाय लागतंय.” आप्पा दीड वर्ष स्टिअरिंग डावीकडे ओढून धरीत होते; त्यांनी आपला दंड चोळला.

काम तीन दिवस चालले. गाडीचा मागचा भाग उचलून बॉडीखाली घोड्या लावल्या, अ‍ॅक्सलला जॅकचा आधार दिला. यू-बोल्टांच्या नटांवर रात्रभर डिझेल सोडून ठेवले होते; दोन सुटले, दोन करवतीने कापावे लागले. पाटा खाली आला तेव्हा सेंटर बोल्ट दोन तुकड्यांत निघाला. तुटलेल्या जागी जुना गंज होता, म्हणजे तुटून बरेच दिवस झाले होते. अ‍ॅक्सलवरच्या बैठकीतले भोक घासून घासून लांबट झाले होते. तिथे नुसता नवा बोल्ट घातला असता तर त्याचे डोके पुन्हा खेळत राहिले असते. मिस्त्रींनी भोक वेल्डिंगने भरून पुन्हा मापात पाडून घेतले.

दोन्ही पाटे जमिनीवर शेजारी ठेवले तेव्हा डावा इंचभर जास्त बसलेला दिसला. मी म्हटले, डाव्यालाच कमान द्या. मिस्त्रींनी मान हलवली. एकच पाटा उचलला तर गाडी दुसऱ्या बाजूला कलते. जे करायचे ते जोडीने. मग एकेक पट्टी ऐरणीवर घेऊन, टोकाकडून मधल्या भागाकडे हातोड्याचे घाव देत दोन्ही पाट्यांना सारखी कमान दिली. हे पाहण्यासारखे होते. घाव एकसारखे, ना जड ना हलके. दर पाच-सहा घावांनंतर पट्टी जमिनीवर खडूने काढलेल्या कमानीवर ठेवून बघायची. पट्ट्यांमधला गंज घासून काढला, ग्राफाइटचे ग्रीस लावले, बुश आणि यू-बोल्ट सगळे नवे.

एक गोष्ट इथे मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण जुनी गाडी बाळगणाऱ्या कुणाला तरी उपयोगी पडेल. पाटे बसवून झाले, आता बुशांचे बोल्ट आवळून टाकावेत, म्हणून पुतण्याने पाना उचलला. तर मिस्त्रींनी तो हातातून काढून घेतला. गाडी घोड्यांवर असताना पाटे लोंबत असतात. तशात रबरी बुश आवळला, तर गाडी खाली आल्यावर ते रबर कायमचे पिळलेले राहते आणि चार महिन्यांत फाटते. म्हणून गाडी चारही चाकांवर जमिनीवर उभी करायची, मागच्या बाजूला दोन माणसे बसवून हलवायची, पाटे आपल्या जागी बसू द्यायचे, आणि मग शेवटचा पीळ द्यायचा. यू-बोल्टही एक पूर्ण आवळून मग दुसरा असे करायचे नाहीत. समोरासमोरचे नट थोडे थोडे करीत न्यायचे. आणि शंभरेक किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा आवळायचे, कारण नव्या यू-बोल्टांना बसायला तेवढा वेळ लागतो. त्यानंतरच पुढच्या चाकांचे अलाइनमेंट; ती मागच्यांची चूक झाकण्यासाठी वाकडी बसवली गेली होती, ती आता सरळ करायला हवी होती.

मिस्त्रींनी बिल दिले त्यात कमानीचे, वेल्डिंगचे, बुशांचे, बोल्टांचे पैसे होते. मोजमापाचे नव्हते. अर्धा दिवस ओळंबा धरून बसलात त्याचे काय, असे आप्पांनी विचारले तेव्हा ते म्हणाले, “मोजायचं कसलं पैसं? न मोजता ठोकलं असतं तर घेतलं असतं.”

धनत्रयोदशीच्या सकाळी गाडी पुन्हा अंगणात आली. त्याच फरशीवर, त्याच ओळंब्यांनी मापे घेतली. उजवीकडे ९७, डावीकडे ९७. वहिनींना संध्याकाळी तिथे रांगोळी काढायची होती आणि फरशी खडूच्या फुल्यांनी भरलेली. आप्पांनी त्या पुसू दिल्या नाहीत. शंभर किलोमीटर व्हायचे होते ना अजून! वहिनींनी कपाळाला हात लावला आणि फुल्यांच्या बाजूबाजूने रांगोळी काढली. येणारेजाणारे विचारीत, हा कुठला नवा नमुना?

पौर्णिमा अजून लांब होती. पण आईने पाडव्यालाच जायचे ठरवले. आप्पांनी गाडी काढली, भिलवडीच्या अलीकडच्या सरळ रस्त्यावर एका हाताची दोन बोटे स्टिअरिंगवर ठेवली आणि आरशातून माझ्याकडे पाहिले. समोरून हंगामातला पहिला उसाचा ट्रॅक्टर आला. डावी चाके साइडपट्टीवर उतरली, पुन्हा चढली, गाडी आपल्या वाटेने पुढे. आईने जप मध्येच थांबवून विचारले, “फाट्यावर फुलंवाला बसला असेल का रे?”

भाऊबीजेला सांगलीहून बहिणीला घेऊन आलो तेव्हा आकडा शंभरावर गेला होता. मिस्त्री सायकलवरून आले. यू-बोल्टांच्या चारही नटांनी पाव पाव आटा घेतला. फुल्यांवर पुन्हा ओळंबे धरले. फरक अर्ध्या सुताचाही नव्हता. मग वहिनींनी पुतण्याच्या हातात बादली आणि खराटा दिला.